घरचा सर्व्हर बूट होत नाही. आतली जुनी डिझाइन्स वाचवायची आहेत

पूर्वभाग_सोलापूर

नमस्कार मंडळी. घरचा सर्व्हर बूट होईना झालाय. मशीन नवं घ्यावं लागलं तरी चालेल, पण आतल्या दोन डिस्कना धक्का लागता कामा नये. म्हणून कशालाही हात लावायच्या आधी इथे विचारते.

मशीन साधंच आहे. असेंबल केलेला जुना डेस्कटॉप, चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. १२० जीबीच्या एसएसडीवर डेबियन १२ (लिनक्स) आणि त्याशिवाय २ टीबीच्या दोन हार्ड डिस्क, लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने केलेल्या रेड-१ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तेच. सांबावरून (नेटवर्कवर फायली वाटणारा प्रोग्राम) घरात आणि भावाच्या कारखान्यात फायली उघडतात. मॉनिटर कधीच जोडलेला नसतो.

आत काय आहे ते सांगते, म्हणजे एवढा जीव का अडकलाय ते कळेल. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या चादरीचं काम. आजोबा जकार्डची डिझाइन्स चौकटीच्या कागदावर काढायचे. उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा, आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. आधी बारीक पेन्सिल, मग लाल-निळ्या शाईने एकेक चौकट भरायची. मोरपंखाच्या एका डिझाइनमध्ये त्यांनी शाईवर पुन्हा पांढरा रंग लावून वळण बदललंय, ते खाडाखोडीचं वळणच मला सगळ्यात जास्त आवडतं. कडेला तेलुगूत रंगांची नावं, कुठे मराठीत गिऱ्हाइकाचं गाव. त्या कागदावरून पुठ्ठ्याची कार्डं पंच व्हायची, एका फेकीला एक कार्ड. ती कार्डं आणि ते माग कधीच भंगारात गेले. कागद तेवढे उरले होते, त्यांनाही माळ्यावर वाळवी लागली. राहिले ते बाबांनी आणि मी बसून स्कॅन केले. बरेचसे घडीवर तुटतच होते, त्यांचं आता स्कॅनशिवाय काहीच नाही.

झालं असं. वरच्या खोलीला रंग द्यायचा होता म्हणून सर्व्हर नीट शटडाउन करून, वायर काढून कोपऱ्यात झाकून ठेवला. रंगकाम लांबलं. परत जागेवर लावला तर पंखा फिरतो, दिवा लागतो, पण नेटवर्कवर दिसत नाही. एका दुरुस्तीवाल्याकडे नेला. त्याने पाच मिनिटांत सांगितलं, मदरबोर्ड गेला, ठेवून जा, दुसऱ्या मशीनमध्ये डिस्क घालून फॉरमॅट करून देतो. "फॉरमॅट" ऐकलं आणि तशीच उचलून घरी आणली.

सुरुवात कुठून करू, सांगा की.

विजापूर_रोड

ताई, घरी आणलीत हे फार चांगलं केलंत. आता मशीनची वायर भिंतीतून काढा, कॅबिनेट उघडा आणि सगळ्यात आधी त्या दोन मोठ्या डिस्कच्या पॉवरच्या आणि साटाच्या (डेटाच्या) केबल सोडवा. एसएसडी राहू द्या. मशीन दुरुस्त करताना डेटाच्या डिस्क जोडलेल्याच नसल्या की चुकून काही होण्याचा प्रश्नच उरत नाही. कुठली केबल कुठे होती याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. तसं एमडीला, म्हणजे लिनक्सच्या रेडला, पोर्टचा क्रम लागत नाही, ते डिस्कवर लिहिलेल्या ओळखीवरून जोडी लावतं.

मग टीव्हीला एचडीएमआय जोडा आणि स्क्रीनवर काय येतं ते अक्षरशः लिहा. पंखा फिरतो यावरून काहीच कळत नाही.

पूर्वभाग_सोलापूर

दोन्ही डिस्क सोडवून कापडात गुंडाळून कपाटात ठेवल्या. टीव्ही जोडला. आधी तारीख-वेळ सेट नाही, पुढे जायला एफ१ दाबा असं येतं. ते दाबलं की काळ्या पडद्यावर "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस". बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंग्जच्या पडद्यावर) तारीख १ जानेवारी २०१३ दिसते.

पार्क_चौक

एसएसडी गेली. नवी घ्या, डेबियन टाका, डिस्क जोडा, एमडीएडीएम त्या आपोआप ओळखेल. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

कोथरूडकर

वरचा उपाय शेवटचा म्हणून ठीक आहे, पण एसएसडी गेली असं यावरून म्हणता येत नाही. ताई, बायोसच्या साटा यादीत एसएसडीचं नाव दिसतंय का बघा. दिसत असेल तर मला यात बिघडलेली वस्तू एकच वाटते, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी. आणि तुमच्या हकिगतीत ते नीट बसतं.

मशीनची वायर भिंतीत असते तोवर, बंद असलं तरी, पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन बोर्डाला मिळत राहते. घड्याळ आणि बायोसची सेटिंग्ज त्यावर जगतात, बॅटरीला काम नसतं. ती कधीच मेलेली असली तरी कळत नाही. रंगकामासाठी तुम्ही वायर काढलीत आणि तेव्हा पहिल्यांदा सगळा भार त्या बॅटरीवर आला. घड्याळ २०१३ ला गेलं, सेटिंग्ज मूळपदावर आली.

आता त्यामुळे बूट का अडावं? डेबियन यूईएफआय या बूटच्या नव्या पद्धतीने टाकलेलं असेल तर ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, एसएसडीच्या छोट्या ईएफआय पार्टिशनमध्ये "डेबियन" नावाच्या फोल्डरमध्ये बसतो, आणि "बूट करताना इथे बघ" ही नोंद बोर्डाच्या स्मृतीत लिहिली जाते. बऱ्याच बोर्डांवर ती नोंद टिकते, काही बोर्ड रीसेट झाले की ती पुसतात. मग बोर्ड फक्त ठरलेल्या एका जागी बघतो: ईएफआय, त्यात बूट, त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल. डेबियन मुद्दाम सांगितल्याशिवाय तिथे काही ठेवत नाही. एसएसडी धडधाकट, ग्रब जागेवर, आणि बोर्डाला पत्ताच माहीत नाही. दुकानात याला मदरबोर्ड गेला म्हणतात तेव्हा वाईट वाटतं, कारण माणसं त्या शब्दावर चांगली मशीनं टाकून देतात.

तर आधी बॅटरी बदला. सीआर२०३२, ३ व्होल्टची, घड्याळाच्या दुकानातही मिळते. जुनी मल्टिमीटरवर मोजली तर खात्री पटेल. मग बायोसमध्ये साटा एएचसीआयवर (डिस्क चालवायची नेहमीची पद्धत) आहे ना बघा, बूट यूईएफआयवर ठेवा, आणि तारीख-वेळ लावा. वेळ लावताना लिनक्स बोर्डाचं घड्याळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरतं, म्हणून आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे लावायची. तारीख तशीच २०१३ ठेवून पुढे गेलात तर फाइलसिस्टमची तपासणी "शेवटचं माउंट भविष्यात झालंय" म्हणून अडून बसू शकते, आणि अपडेट घ्यायला गेलात तर सर्टिफिकेटं नाकारली जातील.

एवढ्याने बूट झालं नाही तर डेबियनचा लाइव्ह पेनड्राइव्ह करा, म्हणजे इन्स्टॉल न करता त्यावरूनच डेबियन चालतं. बूट मेनूत त्याची दोन नावं दिसतील, त्यातलं यूईएफआय लिहिलेलं निवडा. आत गेल्यावर सिस-फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचं फोल्डर आहे का तपासा. नसेल तर चुकीच्या पद्धतीने आलात, पुढचं काम वाया जाईल. मग एसएसडीची रूट पार्टिशन माउंट, तिच्या बूट-ईएफआय जागी छोटी पार्टिशन, डेव्ह, प्रॉक, सिस बाइंड, ईएफआयव्हार्स पण, आणि सीएचरूट, म्हणजे पेनड्राइव्हवरून एसएसडीवरच्या डेबियनच्या आत शिरायचं. आत ग्रब-इन्स्टॉल चालवताना "फोर्स-एक्स्ट्रा-रिमूव्हेबल" हा पर्याय द्या. त्याने ग्रबची एक प्रत त्या ठरलेल्या जागीही बसते. नंतर डीपीकेजी-रीकॉन्फिगरने ग्रबच्या पॅकेजला तेच कायमचं सांगून ठेवा.

एक आत्ताच सांगतो. डेटाच्या डिस्क न जोडता बूट केलंत तर दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड येईल. घाबरू नका. एफएसटॅबमध्ये (बूटवेळी जोडायच्या डिस्कची यादी) ती अॅरे, म्हणजे दोन डिस्कची जोडी, लिहिलेली आहे आणि सिस्टमडी (बूटची कामं लावणारा प्रोग्राम) तिची ९० सेकंद वाट बघतं. त्या ओळीत "नोफेल" घाला, म्हणजे डिस्क नसल्या तरी बूट अडणार नाही.

पूर्वभाग_सोलापूर

सर, एसएसडी यादीत दिसते! भावाकडून मल्टिमीटर आणला. बॅटरी जेमतेम २ व्होल्ट दाखवते. नवी घातली, तारीख लावली. तरी तोच निरोप आला, म्हणून पेनड्राइव्ह केला. एसएसडीवर डेबियनचं फोल्डर आणि ग्रबची फाइल जशीच्या तशी होती. सीएचरूट करून ग्रब बसवला आणि लॉगिनच्या आधी तुम्ही म्हणालात तसंच इमर्जन्सी मोडला थांबलं. नोफेल घातल्यावर सरळ लॉगिनपर्यंत आलं. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, त्यांनी दोनदा विचारलं, "आलं का? आलं का?"

बंद करून वायर काढली आणि दोन्ही डिस्क जोडल्या. अॅरे आली, फायली दिसतात. पण एमडीस्टॅटमध्ये (अॅरेची स्थिती दाखवणारी फाइल) दोन यू असायला हवेत तिथे एक यू आणि एक अधोरेघ आहे, म्हणजे एकच डिस्क चालू. दुसरी डिस्क परत जोडून घ्यायची आज्ञा मला माहीत आहे. देऊ का?

विजापूर_रोड

आत्ता नको! आधी अॅरे फक्त वाचण्यापुरती माउंट करा आणि स्कॅनचं फोल्डर बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्या. या घडीला तुमच्या आजोबांचं काम एकाच डिस्कवर आहे. जुळवणी सुरू केली की गरज पडल्यास तीच डिस्क टोकापासून टोकापर्यंत वाचली जाते. २ टीबीला सलग चार तास तरी धरा. जुन्या डिस्कवर एवढा ताण टाकायचा तर प्रत हातात असताना.

आणि हे दिवसा करू नका. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४३ अंश म्हणजे स्लॅबखालच्या वरच्या खोलीत काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. बऱ्याच हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते, बंद कॅबिनेटमध्ये त्या ५० च्या वर सहज जातात. मशीन खालच्या मजल्यावर आणा, बाजूचं पान काढून टेबलफॅन लावा, रात्री जेवणं झाल्यावर सुरू करा.

कोथरूडकर

पूर्ण सहमत. प्रत होईपर्यंत दुसऱ्या डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद) बघून घ्या. ५ आणि १९७ क्रमांकाच्या नोंदींमध्ये आकडा असेल तर डिस्कचा पृष्ठभागच खराब होतोय, ती परत घेऊ नका, नवी लावा. ते दोन्ही शून्य आणि १९९ मध्ये आकडा असेल तर दोष बहुधा डिस्कमध्ये नाही, साटा केबलमध्ये आहे. केबल बदलून बघा. १९९ चा आकडा नंतर खाली येत नाही, फक्त वाढायचा थांबला पाहिजे.

पार्क_चौक

एसएसडीबद्दल घाई झाली माझी. ते ग्रबच्या ठरलेल्या जागेचं मला माहीत नव्हतं, माझ्याही मशीनवर आजच करून घेतो.

पूर्वभाग_सोलापूर

सगळं स्कॅनिंग यूएसबी डिस्कवर उतरलं. मोरपंखाची फाइल उघडून मोठी करून बघितली, पांढऱ्या रंगाखालची शाई सुद्धा दिसते.

अहवालात ५ आणि १९७ शून्य, १९९ मध्ये आकडा होता. केबल हाताने हलवली तर कनेक्टरला क्लिपच नव्हती, सैल बसत होती. मशीन इकडून तिकडे नेताना सुटत आली असणार. क्लिपवाली नवी केबल लावली, रात्री री-अॅड (परत जोडून घ्यायची आज्ञा) दिलं. चार तासांची तयारी ठेवून बसले होते, पण काही मिनिटांत दोन्ही यू दिसले. असं कसं? पूर्ण जुळवणी झालीच नाही का?

आणि आता यूएसबी डिस्क भावाच्या कारखान्यात अक्कलकोट रोडला ठेवायची म्हणते. दर आठवड्याला घरी आणून आरसिंकने (फायलींची प्रत करणारा प्रोग्राम) प्रत करेन. आरसिंकला "डिलीट" पर्याय द्यावा का?

कोथरूडकर

झाली, व्यवस्थित झाली. अॅरे मोठी असली की एमडीएडीएम तयार करतानाच एक बिटमॅप ठेवतं, म्हणजे कुठला भाग लिहिला गेला याची नोंद. डिस्क बाहेर असताना जेवढं बदललं तेवढंच भरून घेतलं. तरी एका रात्री "चेक" चालवा, त्यात दोन्ही डिस्क पूर्ण वाचून ताडल्या जातात.

डिलीट अजिबात देऊ नका. घरी कुणाकडून चुकून फोल्डर पुसलं गेलं तर पुढच्या आठवड्यात ते कारखान्यातल्या प्रतीतूनही जाईल. रेड-१ चंही तेच, एकीकडे पुसलं की दुसरीकडे त्याच क्षणी पुसलं. आरसिंकऐवजी रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्राम वापरा. दर वेळची प्रत तारखेसकट वेगळी राहते आणि न बदललेल्या फायली पुन्हा जागा खात नाहीत. पासवर्ड मात्र कागदावर लिहून दोन ठिकाणी ठेवा, तो हरवला तर रेस्टिकमधून काहीच परत निघत नाही.

विजापूर_रोड

आणि ताई, दोन यूएसबी डिस्क घ्या. एक घरी येईल तेव्हा दुसरी कारखान्यातच राहू दे, दोन्ही एका वेळी एका छताखाली नकोत. कारखान्यात कपाशीची धूळ उडते, तेव्हा डिस्क झाकणाच्या डब्यात, आणि मागांपासून लांब ऑफिसच्या कपाटात. रेस्टिक बसवताना अडलात तर इथेच लिहा, माझ्याकडे तेच चालू आहे.