प्रिंटर बिचारा ठीक आहे, वायर बघा

दादरच्या घरी हॉलमधल्या राऊटरवरचा प्रिंटर आतल्या खोलीतल्या लॅपटॉपला दिसत नाही, असं तुम्ही म्हणताय. प्रिंटर बदलायच्या आधी आतल्या खोलीतल्या दुसऱ्या राऊटरची मागची बाजू बघा. हॉलमधून आलेली वायर वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या खाचेत, असेल (बहुतेकदा त्याचा रंग वेगळा असतो), तर तो राऊटर स्वतःचं वेगळं बिऱ्हाड थाटून बसलाय. उपकरणांचे नेटवर्कवरचे पत्ते हॉलमध्ये समजा १९२.१६८.१ ने सुरू होणारे, तर आत १९२.१६८.० ने. नेट दोन्हीकडे झकास चालतं, म्हणून शंका येत नाही. पण लॅपटॉप प्रिंटरला जी हाक मारतो ती राऊटर ओलांडत नाही. केबलवाल्याला बोलावून उपयोग नाही, नेट सुरू म्हणजे त्याचं काम संपलं.

आतल्या राऊटरला ॲक्सेस पॉइंट मोड (म्हणजे वेगळं बिऱ्हाड न करता पहिल्याच नेटवर्कचं वायफाय पुढे देणं) असेल तर तो लावा, काम झालं. नसेल तर त्याचा पत्ता हॉलमधल्या गटातला, १९२.१६८.१.२ असा करा (पहिला राऊटर उपकरणांना जे पत्ते वाटून देतो त्यांत तो नको), त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करा आणि मगच वायर लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत) घाला. क्रम चुकवू नका, नाहीतर दोघंही पत्ते वाटत बसतील. एका कॉम्प्युटरवरच्या फायली दुसऱ्यावर दिसायला हव्या असतील तर विंडोजमध्ये नेटवर्क 'प्रायव्हेट' हवं. आणि लॅपटॉप गेस्ट वायफायवर नाही ना, तेही बघून घ्या.