मदत हवी आहे: पत्र्याचं घर, निफाडचा गारठा, रात्री काय करावं?

मळ्यातली
निफाड तालुक्यात मळ्यात घर आहे, चहूबाजूंनी द्राक्षबागा. दोन खोल्या, विटांच्या भिंती, वर पत्रे, खाली शहाबादी फरशी. पारा ५ अंशांच्या खाली गेला की तीन अडचणी येतात.
१. पहाटे पत्र्यातून टपटप पाणी गळतं, गोधड्या ओल्या होतात. पाऊस नाही, पत्राही फुटलेला नाही.
२. सासूबाई ७८ वर्षांच्या, त्यांना दमा आहे. रात्री त्यांच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतो. दार-खिडकी लावून, पत्र्याच्या फटींत चिंध्या कोंबून.
३. पंधरा दिवसांची कालवड आहे, आणि पुढच्या आठवड्यात गावरान कोंबडीची १०० पिल्लं येतायत.
रात्री सिंगल फेज असते, तीही मधूनच जाते. खर्च पाच-सात हजारांत बसावा.

धुराडं
ताई, बाकीचं नंतर वाचा, शेगडी आज रात्रीपासून बाहेर. निखारे लालभडक झाले, धूर थांबला की लोकांना वाटतं आता धोका नाही. उलट आहे. कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना वास, ना रंग. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. सकाळी डोकं जड, मळमळ, चक्कर अशी कुरकुर घरात कुणाची असेल तर ती थंडीची समजू नका. दम्याला तर धूरही बाधतो.
शेगडी वापरायचीच तर संध्याकाळी, सगळे जागे असताना, खिडकी चार बोटं उघडी ठेवून. झोपण्याआधी निखारे घराबाहेर. राखेखाली झाकून आत ठेवलेले निखारेही रात्रभर धुमसतात, म्हणून तेही नकोत. पाणी तापवायचा बंबसुद्धा पडवीत नको, मोकळ्यावर.

वळचण
पत्र्याचं पाणी म्हणजे तुमचाच श्वास आहे. निरभ्र रात्री पत्रा आपली ऊब आभाळाकडे टाकतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. आत माणसांच्या श्वासाची वाफ, रात्रीच्या स्वयंपाकाची वाफ. ती गार पत्र्याला लागली की दव धरतं. वरून डांबर लावून, वॉशर बदलून हे थांबणार नाही.
उपाय म्हणजे आतून छत. पत्र्याखाली चार ते सहा इंच पोकळी सोडून बांबूच्या ताट्या किंवा पट्ट्या मारा. त्यावर बारदानाची चवाळी दुहेरी अंथरा. चवाळ्याच्या खालच्या, म्हणजे खोलीकडच्या अंगाला प्लास्टिकचा कागद हवाच, जोड वीतभर एकावर एक घेऊन. कागद वरच्या अंगाला टाकला तर वाफ चवाळ्यात शिरते, चवाळं भिजतं आणि महिनाभरात कुबट वास येतो. हीच चूक जास्त होते.
छत झालं की पत्र्याच्या पन्हाळीखालच्या फटींतल्या चिंध्या काढून टाका. छताच्या वरची पोकळी वाहती राहिली पाहिजे. थर्माकोल ऊब जास्त धरतो, पण पेटला तर विचारू नका. चूल किंवा शेगडी असलेल्या खोलीत तो नकोच. बारदानही जळतं, तेव्हा चुलीच्या वर ते लावू नका, तिथे सिमेंटचा पत्रा लावा.
मजुरी घरची असेल तर आधी सासूबाईंची खोली करा, बजेटात बसेल.

चौघडी
पांघरुणं वाढवत बसतात, अंथरुणाकडे कुणी बघत नाही. शहाबादी फरशी अंगातली ऊब ओढून घेते. बाजेवर झोपवलं तर खालून गार हवा फिरते. बाजेवर आधी घोंगडी, तिच्यावर गोधडी, मग चादर. फरशीवर असाल तर खाली दोन-तीन इंच कोरडं पाचट भरलेली पोती, वर सतरंजी. उन्हात रोज वाळवा, दमट पाचट नसल्यापेक्षा वाईट.
अंगात एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कानटोपी आणि मोजे रात्रीही. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून द्या. मधुमेह असेल तर पायाशी ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.
एक लक्षात ठेवा. म्हातारं माणूस कुडकुडायचं थांबलं, बोलणं जड झालं, पोटाला हात लावला तर पोटही गार, तर ते झोपेत नाही. ओली वस्त्रं बदला, छाती-पोट गुंडाळा, १०८ ला फोन करा. हातपाय चोळू नका, दारू तर नाहीच.

मळ्यातली
दोन हजार वॅटचा हीटर घेऊ का मग?

धुराडं
तो जवळपास नऊ अँपियर ओढतो. मळ्यातली लांबून आलेली बारीक वायर तापते, व्होल्टेज पडतं. एक्स्टेंशन बोर्डवर तर अजिबात नको. अंथरुणात घालायचं इलेक्ट्रिक ब्लँकेट शंभर वॅटच्या आसपास चालतं, इन्व्हर्टरवरही. घडी घालून चालू करू नका आणि ओलं होऊ देऊ नका.

गव्हाण
गाईची काळजी करू नका, ती खाऊन-रवंथ करून स्वतःची ऊब करते. पोटभर सरमाड आणि विहिरीचं ताजं पाणी पाहिजे. रात्रभर हौदात गारठलेलं पाणी जनावर कमी पितं.
कालवडीचं तसं नाही. खाली सहा इंच कोरडं पाचट. गुडघे टेकून बघा, गुडघे ओले झाले तर बदला. उत्तरेकडून ताडपत्री, पण वर हातभर जागा मोकळी. सगळा गोठा बंद केला की मुताचा वास कोंडतो आणि वासरांना खोकला लागतो. पाठीवर बारदानाची झूल, पोटाखालून बांधलेली. ती दवानं भिजली तर सकाळी काढा. दूध वजनाचा दहावा हिस्सा, दोन-तीन वेळा विभागून, अंगाएवढं कोमट.
पिल्लांना पत्र्याचा गोल कठडा करा, पाच फूट रुंद, दीड फूट उंच. कोपरे असले की पिल्लं कोपऱ्यात चढून एकमेकांना चेंगरतात. खाली दोन इंच भाताचं तूस. आत पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी. पिल्लामागे दोन वॅट धरा. शंभरचे दोन घेण्यापेक्षा साठचे चार बल्ब लावा, एक गेला तरी काम निभतं. जुने तारेचेच घ्या. एलईडी फक्त उजेड देतो.

मळ्यातली
आणि वीज गेली तर?

गव्हाण
पाच लिटरच्या चार कॅनमध्ये गरम पाणी, कॅन पोत्यात गुंडाळून कठड्यात मधोमध. वर चवाळं, अर्धं उघडं. दोन-तीन तास निघतात, मग पाणी बदला. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा. कॅनला चिकटून चिवचिवत असतील तर थंडी आहे, कठड्याला जाऊन चोच उघडून धापत असतील तर जास्त झालं. पसरून निजली असतील तर तुम्हीही झोपा.