एक्स-रेनं रेणूचा 'व्हिडिओ' काढतात म्हणे, एवढा फास्ट कॅमेरा असते तरी कुठं?

संत्रा_केमिस्ट: भाऊ लोकहो, एमएस्सी केमिस्ट्री, तिसरं सेम, गुरुवारी सेमिनार आहे. हौसेनं अल्ट्राफास्ट एक्स-रे स्पेक्ट्रोस्कोपी (एक्स-रेच्या अतिछोट्या पल्सनं रेणूतले झटपट बदल पाहणं) घेतलं अन् काल रिहर्सलमध्ये सरांनी दुसऱ्याच स्लाइडवर धरलं. म्हणे फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग, एवढा फास्ट कॅमेरा कुठून आणला? अन् लेझरनं हे काम झेवाइल नावाच्या केमिस्टनं कधीचंच केलं, १९९९ चं नोबेल भेटलं, मग एक्स-रे काऊन पाहिजे? मी तिथंच गप. सांगा ना कोणी.

बर्डीचा_फोटॉन: कॅमेरा फास्ट नसतेच बे. डिटेक्टर बिचारा त्याच्या स्पीडनं चालते, छोटा असते तो पल्स, म्हणजे प्रकाशाचा क्षणभराचा झटका. आधी लेझरचा पल्स जाऊन रेणूला जागं करते, मग ठरलेल्या वेळानं एक्स-रेचा पल्स येते अन् तेवढ्याच क्षणाचा स्पेक्ट्रम (कोणती ऊर्जा किती शोषली त्याचा आलेख) भेटते. मग गॅप जरासा वाढवून पुन्हा, असं हजारो वेळा, अन् दरवेळी नवे रेणू, कारण सँपल बहुतेक वेळा पातळ धारेनं वाहतं ठेवतात. एकाच रेणूचा व्हिडिओ नाहीच तो. गॅप कसा वाढवतात ते सरांना सांग, मजा येईल: लेझरच्या वाटेतला आरसा सरकवून! प्रकाश १ फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रॉन जाते, आरसा ०.१५ मिमी मागं घेतला तं जाणं-येणं मिळून १००० फेम्टोसेकंद उशीर.

जुना_लॅबवाला: दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. टायट्रेशनला फेरॉइन हा इंडिकेटर वापरला असशील, लालभडक, लोखंडाचंच संयुग. त्याचा चुलतभाऊ म्हणजे लोखंड-बायपिरिडीन. त्याच्यावर हिरवा लेझर मारला की इलेक्ट्रॉन लोखंडावरून लिगँडवर (लोखंडाला चिकटलेल्या बायपिरिडीनवर) उडी मारतो आणि १००-१५० फेम्टोसेकंदांत लोखंड लो-स्पिनमधून (इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं) हाय-स्पिनमध्ये (बरेच सुटे) जातं, लोखंड-नायट्रोजन बंध सुमारे ०.२ अँगस्ट्रॉम लांबतो. साध्या लेझरला दिसतं काय, तर रंग उतरला. का उतरला ते अंदाजानं सांगावं लागतं. एक्स-रे आतल्या इलेक्ट्रॉनलाच हात घालतो आणि ती ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची वेगळी, कार्बनची साधारण २८४ इलेक्ट्रॉनव्होल्ट, ऑक्सिजनची ५४३, लोखंडाची ७११२. म्हणजे ऊर्जा ७११२ च्या आसपास ठेवली की बाकी रेणू बाजूला, लोखंडाशीच बोलणं. शिवाय त्या ऊर्जेपाशी शोषण एकदम वाढतं, त्या कडेचा आकार बदलतो त्यावरून बंधाची लांबीही काढता येते.

संत्रा_केमिस्ट: हाव, आता समजलं! मग इंदूरला इंडस-२ आहे ना, नागपूरहून रात्रीच्या गाडीनं जाता येते, तिथं नाही होत काय हे?

जुना_लॅबवाला: सिंक्रोट्रॉन आहे तो, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल फिरवून एक्स-रे काढणारं मशीन, लोखंडाचा नेहमीचा स्पेक्ट्रम छान निघेल. पण तिथले पल्स पिकोसेकंदांच्या (एक म्हणजे १००० फेम्टोसेकंद) हिशोबात, तेवढ्यात तुझं लोखंड केव्हाच स्पिन बदलून बसलेलं. फेम्टोसेकंदाला बहुतेक वेळा एक्स-रे फ्री इलेक्ट्रॉन लेझर लागतो, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉनांपासून एक्स-रेचे अतिछोटे पल्स काढणारं मोठं मशीन. कॅलिफोर्नियातला एलसीएलएस २००९ पासून, जपानचा साक्ला, जर्मनीत हॅम्बुर्गजवळचा २०१७ चा, तो तर ३.४ किमी लांब.

तर्री_डबल: आरशाचं ठीक आहे पण एक गोष्ट कोणी बोलून नाही राहिलं. लेझर अन् एक्स-रे दोन वेगळ्या मशीनींमधून येतात, दरवेळी आगेमागे पोहोचतात, कधी कधी शंभर-दोनशे फेम्टोसेकंद. तुम्ही आरसा कितीही नाजूक सरकवा, तेवढं धूसर होणारच. म्हणून प्रत्येक शॉटला कोण किती उशिरा आलं ते वेगळं मोजतात अन् नंतर सगळा डेटा त्या खऱ्या वेळेनुसार लावतात. सर याच्यावरच अडवतील, लिहून ठेव.

बर्डीचा_फोटॉन: बरोबर आहे भाऊ, ते माझं राहूनच गेलं. मोठा गॅप असला तं इलेक्ट्रॉनिक्सनं पण देतात, आरसाच असते असं नाही.

संत्रा_केमिस्ट: 'व्हिडिओ' शब्द स्लाइडमधून उडवला. फेरॉइनची छोटी बाटली सोबत नेऊ काय दाखवायला?

तर्री_डबल: ने ना, पण झाकण घट्ट लाव, मागच्या साली एकानं प्रोजेक्टरवर सांडवलं होतं.