‘यील्ड’ला उतारा म्हणावं का? ओतकामाचा खर्च काढताना अडलेला शब्द

ओतकाम
नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, खर्च काढायचं टेबल माझ्याकडे आहे. चौकशी आली की ड्रॉइंगवरून वजन काढायचं, साचा, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा), वितळण, फेटलिंग (ओतलेला भाग साफ करणं) असा एकेक खर्च मांडायचा आणि दर कळवायचा. नव्याने लागणारी पोरं आयटीआय नाहीतर डिप्लोमा केलेली, बहुतेक मराठी माध्यमातली. त्यांच्यासाठी ‘खर्चाचा अंदाज’ या नावाने मराठीत टिपणं लिहायला घेतली आहेत. ‘यील्ड’पाशी गाडी अडली.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. यील्ड म्हणजे ओतलेल्या धातूपैकी किती टक्के कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतून तयार झालेल्या भागात, आला ते. साच्यात नुसता कास्टिंगपुरता धातू ओतून भागत नाही. धातू आत जायची वाट, म्हणजे रनर, आणि थंड होताना कास्टिंग आकसतं तेव्हा त्याला धातू पुरवणारा साठा, म्हणजे रायझर, हेही भरावे लागतात. १२ किलोच्या कास्टिंगसाठी १८.५ किलो धातू ओतला, तर यील्ड झालं ६५ टक्के.

मी लिहिलं ‘उतारा’. साखर कारखान्याचा उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते, आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतो, समजावून सांगावा लागत नाही. टिपणं एका निवृत्त मराठीच्या सरांना वाचायला दिली. त्यांनी उतारा खोडून सगळीकडे ‘निष्पत्ती’ केलं. त्याचं फार वाटलं नाही. पण रनर-रायझरच्या वजनाला मी ‘परतीचा धातू’ म्हटलं होतं, तिथे त्यांनी ‘तूट’ केलं, आणि ते मला सोसेना.

कारण हा शब्द आम्हाला एकदा महागात पडलेला आहे. जुन्या तक्त्यात या रकान्यावर ‘तूट’ असंच छापलेलं होतं. एका नव्या मुलाने ते वाचलं, साडेसहा किलो गेलेच असं धरलं आणि ४५ रुपये किलोने २९२ रुपये नगावर चढवले. वास्तविक तो धातू तोडून पुन्हा भट्टीत जातो. त्याचा खरा खर्च पुन्हा वितळवण्याचा. किलोला ०.६ युनिट वीज धरली तर चार युनिटांच्या आसपास, ९ रुपये दराने ३५ रुपये, आणि भट्टीत जळतो त्याचे तीन टक्क्यांनी ९ रुपये. एकूण ४४. नगामागे जवळजवळ अडीचशे रुपये जास्त कळवले आणि ते गिऱ्हाईक परत फिरकलं नाही. मुलगा हुशार होता. रकान्याच्या नावाने त्याला फसवलं.

तर दोन प्रश्न. यील्डला उतारा चालेल का? आणि परत येणाऱ्या धातूला नेमकं काय म्हणावं?

अक्षरवेल
सरांची बाजू मांडते. उतारा शब्दावर आधीच किती ओझं आहे बघा. सातबाऱ्याचा उतारा, पुस्तकातला उतारा, विषावरचा उतारा, तिठ्यावर टाकलेला लिंबू-नारळाचा उतारा. शास्त्राच्या शब्दाला एकच अर्थ असला पाहिजे, नाहीतर ती परिभाषा राहत नाही. निष्पत्ती जड वाटत असेल तर ‘लब्धी’ घ्या. दोन अक्षरांचा शब्द आहे, पोरं आठवड्यात उचलतील. तूट मात्र चूकच, तिथे मी तुमच्या बाजूने.

गुऱ्हाळकर
वो, लब्धी कोण म्हणणार भट्टीवर? आमचं घरचं गुऱ्हाळ होतं, कागल तालुक्यात. वडील प्रत्येक आधणाला विचारायचे, “किती उतरला?” म्हणजे त्या काहिलीतून, रस उकळायच्या मोठ्या कढईतून, गूळ किती निघाला. कोण म्हणायचं नाही की निष्पत्ती किती झाली. आणि शब्द आलाय कुठून तेही सांगतो. पाक तयार झाला की चुलाणावरून काहील उतरवतात आणि वाफ्यात ओततात. ती उतरवली की मगच कळतं हाताला किती लागलं. म्हणून उतारा. ओतकामवाल्यांनीसुद्धा भट्टीतला धातू उतरवूनच ओतायचा असतो, मग शब्द त्यांचाच झाला की!

अक्षरवेल
व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे पण पटत नाही. शेतकरी ‘एकरी उतारा’ म्हणतो तिथे कुठली काहील? तराजूत वजन उतरतं, परीक्षेला माणूस उतरतो, कसोटीला सोनं उतरतं. ‘मोजल्यावर भरलं तेवढं’ हा अर्थ उतरणे या क्रियापदातच आहे.

गुऱ्हाळकर
म्हणजे मोजल्यावर भरलं ते, हे तुम्हीच म्हणताय. यील्ड म्हणजे तरी दुसरं काय असतंय?

सराफकट्टा
दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण आमच्या पेढीवर हा भेद रोज लागतो. सोनं घडवताना कानस मारली, तार ओढली, पॉलिश केलं की बारीक कण उडतात. जे उडून जातं ती ‘घट’. कारागिराला सोनं वजन करून देतो, दागिना वजन करून घेतो, मधल्या फरकात कबूल केलेली घट वजा होते. पण तुकडा कापून उरला, तार शिल्लक राहिली, ती घटीत धरत नाहीत. ती कारागिराने परत आणून द्यायची असते. ते सोनं आपलंच. दुकान झाडल्यावरची मातीसुद्धा जपून ठेवतात, कारण तिच्यातून सोनं काढणारे लोक असतात. म्हणजे घटीतलंही थोडं परत येतं.

तेव्हा तुमचे ते तीन टक्के, भट्टीत जळणारे, ती घट. साडेसहा किलो ही घट नव्हे आणि तूटही नव्हे. हिशेबात जमा कमी आणि खर्च जास्त झाला की तूट. धातूला तूट कशाला लावायची?

आणि तुमच्या टिपणात ‘कन्व्हर्जन कॉस्ट’ला, म्हणजे कच्च्या मालाचा पक्का माल करायच्या खर्चाला, काय लिहिलंय? आमच्याकडे तयार शब्द आहे, घडणावळ. सोन्याचा भाव वेगळा, घडणावळ वेगळी.

ओतकाम
सराफकट्टा, मनापासून आभार. ‘घट’ लगेच घेतला. इतके दिवस ‘बर्निंग लॉस’ला शब्द शोधत होतो, तो गावातल्याच पेठेत होता.

आणि घडणावळ वाचून तर उठून बसलो. आमची काही गिऱ्हाइकं धातू स्वतः पाठवतात, आम्ही नुसतं ओतून द्यायचं. त्याचा दर आम्ही ‘लेबर’ म्हणून लावतो, आणि त्या एका शब्दापायी नवी पोरं खरोखर नुसती मजुरी धरतात. वीज, वाळू, बेंटोनाइट (वाळू बांधणारी माती), भट्टीच्या अस्तराचा खर्च राहून जातो. घडणावळ म्हटलं की सगळं आत येतं. शिवणावळीत नाही का, दोरा-बटण-मशीन सगळं शिंप्याचं.

पेठेतली
शिवणावळ, दळणावळ, धुणावळ, विणणावळ! हा प्रत्यय आपण का सोडला हेच मला कळत नाही. शिलाई, धुलाई, रंगाई हे सगळं हिंदीतून आलं आणि आपले शब्द पाटीवरून गेले. माझी आई अजून गिरणीत “दळणावळ किती झाली?” असं विचारते आणि गिरणीवाला मुलगा तिच्याकडे बघत राहतो. तुम्ही ‘ओतणावळ’ म्हणा. कोशात आहे की नाही याची वाट बघू नका, मराठी माणसाला ऐकताक्षणी कळेल.

ओतकाम
ओतणावळ. आजच लिहितो.

प्राक्कलक
मी सार्वजनिक बांधकामाच्या कामांची अंदाजपत्रकं करत आलो आहे. एक मूलभूत दुरुस्ती सुचवतो. सुरुवात ‘खर्चाचा अंदाज’ या शब्दांनी करू नका. अंदाज फारसी आहे आणि त्यात मोघमपणा आहे. ‘अंदाजे शंभर माणसं आली’ म्हणजे कोणी मोजली नाहीत. तुम्ही घनता ७.२ धरून, आकारमान काढून, भट्टीची वीज मोजून आकडा देता. त्याला प्राक्कलन म्हणतात. निविदांत ‘प्राक्कलित किंमत’ हा शब्द रुळलेला आहे. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो याचसाठी.

पेठेतली
आणि विधिमंडळात समिती आहे तिचं नाव ‘अंदाज समिती’. सरकारला चालतो, तुम्हाला चालत नाही?

प्राक्कलक
समितीचं नाव जुनं आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. राज्यव्यवहारकोशाचं काम अर्धवट राहिलं आहे, एवढंच त्यावरून सिद्ध होतं.

मस्कत_मुक्काम
अंदाज मोघम आहे हे मला अजिबात मान्य नाही. मी वीस वर्षं ओमानमध्ये आहे. माझ्या ओळखपत्रावर अरबीत ‘मुहंदिस’ लिहिलंय, म्हणजे इंजिनियर. इंजिनियरिंगला अरबीत ‘हंदसा’, भूमितीलाही तोच शब्द. हा हंदसा अरबीने जुन्या फारसीतून उचलला आणि त्याचं मूळ आहे ‘अंदाजा’, म्हणजे माप. म्हणजे आपल्या ‘अंदाज’चा आणि अरबी ‘अभियांत्रिकी’चा उगम एकच! मापून सांगणं हाच मूळ अर्थ. पातळ झाला तो आपल्या बोलण्यात.

अक्षरवेल
हंदसा ‘हिंद’वरून आला ना? अंक भारतातून गेले म्हणून. उर्दूत हिंदसा म्हणजे अंकच.

मस्कत_मुक्काम
उर्दूतला अर्थ बरोबर आहे, आणि अरब लोक त्यांच्या अंकांना ‘हिंदी अंक’ म्हणतात हेही खरं. म्हणूनच अनेकांची अशी समजूत होते. पण शब्दकोशकारांनी हंदसा अंदाजाकडेच नेला आहे. अभिमान बाळगायला अंक पुरेसे आहेत, त्यासाठी हा शब्द ओढायची गरज नाही.

प्राक्कलक
मूळ काहीही असो, आज मराठीत अंदाजचा अर्थ काय होतो ते महत्त्वाचं.

गुऱ्हाळकर
मग उताऱ्याला तोच न्याय लावा की. आज आमच्या भागात त्याचा अर्थ काय होतो ते बघा. उसाची एफआरपी, म्हंजे सरकारनं ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याच्या पायावर ठरत्या. पॉइंट-दोन पॉइंट उताऱ्यासाठी शेतकरी रस्त्यावर बसतोय. एवढा पैसा ज्या शब्दावर अवलंबून हाय, तो मोघम कसा म्हणता?

अक्षरवेल
मोघम मी म्हटलं नाही, अनेकार्थी म्हटलं. आणि तुमच्याच उदाहरणात अडचण आहे. उसाचं चिपाड परत चरकात जात नाही, ते बॉयलरमध्ये जळतं. ओतकाम यांचा रायझर परत भट्टीत जातो. साखरेच्या उताऱ्यात ‘बाकीचं संपलं’ हे गृहीत आहे. उतारा ६५ टक्के म्हटलं तर त्या मुलाला पुन्हा वाटेल की ३५ टक्के गेले. तुम्हाला जी चूक टाळायची आहे, तिचं बी याही शब्दात आहे.

ओतकाम
हा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो खरा आहे. काल रात्री तक्ता उघडून त्यावर विचार करत बसलो होतो.

पण यील्डमध्ये तरी तो भेद कुठे आहे? इंग्रजी शब्दानेही पोरं फसतातच. भेद दाखवायचं काम शेजारच्या रकान्यांनी करायला हवं. ओतलेलं वजन, उतरलेलं वजन, परत आलेलं वजन, घट, हे चार आकडे चार वेगळ्या रकान्यांत. शब्द स्वच्छ असतील तर शेवटच्या तिघांची बेरीज स्वतःच चूक दाखवते, १८.५ला जुळली नाही की थांबायचं.

यील्ड ठेवायचं नाही त्याला आणखी एक कारण आहे. एसजी आयर्नच्या (ओतीव लोखंडाचा एक चिवट प्रकार) चाचणी अहवालातही ‘यील्ड’ असतं, पण ते वेगळं. ५००/७ ग्रेडला ते ३२० मेगापास्कल, म्हणजे कुठवर ताणलं तर धातू पूर्ववत होत नाही त्याचा आकडा. एकाच दिवशी एकाच टेबलावर दोन यील्ड येतात.

मस्कत_मुक्काम
त्या दुसऱ्या यील्डला हिंदीत ‘पराभव सामर्थ्य’ म्हणतात. धातूचा पराभव! मला हा शब्द फार आवडतो.

पेठेतली
मराठीत ‘नमणं’ का नको? धातू नमतो. झाड वाऱ्याने नमतं ते वारा थांबला की उभं राहतं, म्हणून कदाचित नको.

सराफकट्टा
‘कचरणं’ बघा. ताणताना सोनं कचरतं असं नाही म्हणत, पण माणूस कचरतो म्हणजे माघार घेतो.

पेठेतली
कचरणं म्हणजे घाबरणं, धातू घाबरत नाही.

गुऱ्हाळकर
ओतकाम, एक विचारायचं राहिलं. धातू वितळला की वर जे तरंगतंय ते तुम्ही काढून टाकता, त्याला काय म्हणता? आम्ही रस तापला की भेंडीचं पाणी टाकतो आणि वर येते ती मळी झाऱ्याने काढतो. मळी नीट निघाली नाही तर गूळ काळा पडतो.

ओतकाम
आम्ही स्लॅग म्हणतो. वर स्लॅग कोॲग्युलंट टाकतो, ते त्याला गोळा करतं, मग लांब दांड्याने उचलायचं. तुमच्या भेंडीच्या पाण्याचंच काम. स्लॅग राहिलं तर कास्टिंगमध्ये खड्डा पडतो, मशिनिंगला गेल्यावर दिसतो, तोवर सगळा खर्च झालेला असतो. पुस्तकात शब्द धातुमळी आहे. मी टिपणात स्लॅगच ठेवलंय.

अक्षरवेल
धातुमळी उत्तम आहे, तोच घ्या!

सराफकट्टा
त्याहून जुना शब्द आहे, कीट. लोखंडाचं कीट, लोहकीट. वैद्य लोक त्यालाच मंडूर म्हणतात, मंडूर भस्म त्याचंच. तव्यावर साचतं त्यालाही आपण कीटच म्हणतो.

पेठेतली
तव्याचं कीट म्हणजे करपलेलं तेल. ते आणि लोहकीट एक कसं?

गुऱ्हाळकर
आमच्यात काहिलीच्या बुडाला धरतंय त्यालाबी कीटच म्हणतात. वर येतंय ती मळी, खाली धरतंय ते कीट. ओतकाम, तुमचं वर येतंय का खाली बसतंय?

ओतकाम
दोन्ही. वर तरंगतं ते आम्ही रोज काढतो. भट्टीच्या भिंतीला धरतं ते अस्तर बदलताना छिन्नीने फोडावं लागतं. त्या दोहोंना आम्ही आजवर एकच शब्द वापरत आलो आहे. उद्या आमच्या जुन्या मेल्टरना, धातू वितळवणाऱ्या कारागिरांना, विचारतो, ते तीस वर्षं भट्टीवर आहेत. त्यांचे वडील ओतारी, पितळेच्या घंटा ओतायचे.