मदत हवी आहे: ड्रुपल ७ वरून १० वर, लेख आले पण मजकूर गायब

अर्धविराम
एका संस्थेची साईट ड्रुपल या साईट चालवणाऱ्या प्रणालीच्या ७व्या आवृत्तीवरून १०वर नेतोय. मायग्रेशन (जुन्या साईटवरचा मजकूर नवीवर हलवणं) पूर्ण झालं असं दाखवतंय, एरर एकही नाही. पण बऱ्याच लेखांच्या पानावर शीर्षक, तारीख आणि खाली सगळं कोरं. कॅश साफ केली. थीम बदलून ड्रुपलची मूळची ऑलिव्हेरो लावली तरी तेच. मॅनेज डिस्प्लेमध्ये (पानावर काय दिसावं ते ठरतं तिथे) बॉडी फील्ड, म्हणजे लेखाचा मजकूर, जागेवर आहे. मूळ साईट आजही नीट दिसते, तेव्हा डेटा खराब असण्याचा प्रश्नच नाही. सोमवारी डेमो आहे. कृपया "पुन्हा मायग्रेट करा" सोडून काही सांगा, ते करून झालंय.

गोदाकाठ
बरेच म्हणजे नेमके कोणते? सगळे कन्टेन्ट टाइप (मजकुराचे प्रकार) की एकच? ब्राउझरमधून केलंत की ड्रशने (ड्रुपलच्या कमांड लाइनने)? मूळ साईट एकभाषी की मराठी-इंग्रजी? आणि कोऱ्या पानाचं एडिट उघडलं तर चौकटीत मजकूर दिसतो का? बाकी उत्तरं सावकाश द्या, हे शेवटचं आधी.

पिवळा_दिवा
आजच्या काळात ड्रुपल कशाला? वर्डप्रेसवर टाका आणि मोकळे व्हा. ड्रुपलमधून आणायला तयार प्लगिन आहे, क्लायंटच्या बाईंनाही वापरता येईल. संस्थेच्या साईटला एवढा डोलारा लागत नाही.

खटपट्या
@पिवळा_दिवा, फुकटातलं प्लगिन लेख, पानं, टॅग, चित्रं असं ठरावीकच आणतं. स्वतः बनवलेल्या फील्डसाठी पैसे मोजावे लागतात. आणि साईटचे पत्ते देवनागरीत असतील तर तिथे वेगळंच दुखणं आहे. वर्डप्रेस पोस्टचं नाव २०० अक्षरांच्या रकान्यात ठेवतं, तेही टक्केवाल्या एन्कोडिंगमध्ये. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे तीन बाइट, एन्कोड केल्यावर नऊ अक्षरं. काना-मात्रा धरून साधारण बावीस चिन्हांत पत्ता संपतो, पुढचं कापलं जातं. "ग्रामपंचायत निवडणूक विशेषांक" एवढंही मावत नाही. ड्रुपल पत्ता थेट युनिकोडमध्ये ठेवतं आणि रकाना २५५चा आहे. जुने दुवे टिकवायचे असतील तर हा फरक लहान नाही.

पिवळा_दिवा
पत्ते इंग्रजीत करायचे आणि रिडायरेक्ट टाकायचे. त्यात काय एवढं?

बोरूबहाद्दर
ही हमखास कॅरॅक्टर सेटची (अक्षरं साठवायच्या पद्धतीची) भानगड. डेटाबेसचा डंप (प्रत) चुकीच्या सेटमध्ये निघाला की मराठी जाते. हेक्स फंक्शन लावून बॉडीचे पहिले बाइट बघा. ई०ए४ किंवा ई०ए५ने सुरुवात असेल तर मराठी शाबूत. सी३ए०सी२ए४ दिसलं तर दोनदा एन्कोड झालंय, उलट फिरवता येतं. नुसती ३एफची रांग असेल तर ती खरोखरची प्रश्नचिन्हं आहेत, त्यातून काही परत मिळत नाही, मूळ डेटाबेसमधून नवा डंप घ्या.

गोदाकाठ
तपासणी उत्तम आहे, पण ते कोरं म्हणतायत. कॅरॅक्टर सेट बिघडला तर सहसा कचरा दिसतो, कोरं दिसत नाही. @अर्धविराम, एडिटचं काय झालं?

अर्धविराम
ड्रशने केलं. मायग्रेट अपग्रेड मॉड्यूल, फक्त कॉन्फिगरेशन बनवून मग इम्पोर्ट. साईट द्विभाषी, भाषांतरासाठी एन्टिटी ट्रान्सलेशन मॉड्यूल होतं. लेख आणि वार्ता दोन्ही टाइपमध्ये होतंय. एडिट उघडलं तर काहींमध्ये मजकूर दिसतो, काहींमध्ये चौकटसुद्धा रिकामी. त्याने काय फरक पडतो? पानावर दोन्ही कोरेच आहेत.

गोदाकाठ
सगळा फरक तिथेच आहे. हे दोन वेगळे आजार आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लावत बसाल तर सोमवार येईल.

पहिला गट, एडिटमध्ये दिसतो पण पानावर नाही. मजकूर डेटाबेसमध्ये आलाय, टेक्स्ट फॉरमॅट (मजकूर दाखवण्याआधी त्यावर लागणाऱ्या फिल्टरांचा संच) तो गिळतोय. ७च्या फॉरमॅटमध्ये एखादा फिल्टर असा असणार ज्याला १०मध्ये जोडीदार नाही: कुठल्या तरी जुन्या मॉड्यूलचा, किंवा पीएचपी कोड चालवणारा, जो ८पासून कोअरमध्ये (ड्रुपलच्या मूळ गाभ्यात) नाहीच. मायग्रेशनला असा अनोळखी फिल्टर भेटला की ते त्या जागी 'फिल्टर नल' बसवतं. हा नल मुद्दामच सगळा मजकूर रिकामा करतो, कारण हरवलेला फिल्टर सुरक्षेसाठी असू शकतो आणि त्याच्याविना मजकूर दाखवणं धोक्याचं. म्हणजे एका फिल्टरपायी त्या फॉरमॅटचे सगळे लेख कोरे.

एरर नाही कारण ही नोंद एरर म्हणून होतच नाही, संदेश म्हणून होते. ड्रश मायग्रेट:मेसेजेस चालवा, पुढे फिल्टर फॉरमॅटच्या मायग्रेशनचं नाव द्या (तुमच्याकडे अपग्रेड_डी७_फिल्टर_फॉरमॅट असावं). "डिफॉल्टिंग टू फिल्टर_नल" अशी ओळ मिळेल, आधी मूळ फिल्टरचं नाव. ड्रश वॉचडॉग:शोमध्येही "मिसिंग फिल्टर प्लगिन"च्या नोंदी दिसतील.

उपाय सोपा आहे. कॉन्फिगरेशनमध्ये टेक्स्ट फॉरमॅट्स, तो फॉरमॅट उघडा. वर सूचना येईल की अमुक फिल्टर सापडत नाही, सेव्ह केल्यावर काढला जाईल. काही न बदलता सेव्ह करा, कॅश रिबिल्ड करा. मग लगेच कॉन्फिग एक्स्पोर्ट करा (सेटिंग फाइलींत उतरवा), नाहीतर पुढच्या कॉन्फिग इम्पोर्टला नल परत येऊन बसतो. फिल्टर फॉरमॅटचं मायग्रेशन अपडेटसकट पुन्हा चालवलंत तरीही परत येतो.

दुसऱ्या गटाचं सांगतो, आधी एक कळवा: मूळ डेटाबेसमध्ये फील्ड_डेटा_बॉडी टेबलात त्या लेखांच्या ओळीला लँग्वेज रकान्यात काय आहे? 'एमआर' (मराठी) की 'यूएनडी' (भाषा ठरलेली नाही)?

तिठा
नल काढण्याआधी बॉडीत पीएचपीचा टॅग शोधा, एसक्यूएलचं लाइक लावून. फिल्टर गेला की तो कोड चालणार नाही, पण फुल एचटीएमएलमध्ये जसाच्या तसा पानात जाईल. ब्राउझर त्याला फालतू कॉमेंट समजून बराचसा लपवतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. व्ह्यू सोर्स केलं की सगळ्या जगाला दिसतो. आत डेटाबेसचा पासवर्ड लिहिणारे महाभाग असतात. ती पानं आधी अप्रकाशित करा, मग त्यांच्या जागी ब्लॉक किंवा व्ह्यू बनवा.

पिवळा_दिवा
बघा, एका कोऱ्या पानासाठी केवढं रामायण.

खटपट्या
रामायण सिस्टीम बदलण्याचं आहे, ड्रुपलचं नाही. ७चा पाठिंबा ५ जानेवारी २०२५ला संपला, हलणं भाग होतं. मला उलट विचारायचंय, १०वर का थांबताय? त्याची मुदत डिसेंबर २०२६पर्यंतच. ११ला पीएचपी ८.३ लागतं, सर्व्हरवर असेल तर थेट तिथेच जा.

अर्धविराम
होस्टिंगवर ८.२ आहे, क्लायंट बदलणार नाही. तो विषय नको.

पहिला गट सुटला. कुठल्या तरी जुन्या व्हिडिओ मॉड्यूलचा फिल्टर होता. दुसऱ्या गटात लँग्वेज 'यूएनडी' आहे. पण मूळ साईटवर हेच लेख व्यवस्थित दिसतात, हे कसं?

गोदाकाठ
मूळ साईट शोधत जाते: 'एमआर'ची ओळ नाही तर शेवटी भाषा न नेमलेली 'यूएनडी'ची घेते. म्हणून तिथे कुणाच्या लक्षात येत नाही. साईट आधी एकभाषी होती, मग बॉडी फील्ड भाषांतरयोग्य केलं, आणि आधीच्या ओळी तशाच राहिल्या, असं झालेलं असतं. मायग्रेशन मात्र काटेकोर आहे. नोडची (ड्रुपलमधल्या लेखाची) भाषा मराठी आणि फील्ड भाषांतरयोग्य, तर ते फक्त 'एमआर'च्या ओळी मागतं. ओळ नाही, मजकूर नाही, एररही नाही.

मूळ डेटाबेसच्या प्रतीवर (चालू साईटवर नव्हे) बदल करा. ज्या नोडची भाषा 'एमआर' आहे त्यांच्याच 'यूएनडी' ओळी 'एमआर' करायच्या. नोड टेबलाशी जॉइन लावा, नाहीतर इंग्रजी लेखही मराठी होतील.

खटपट्या
असहमत. स्रोत डेटाबेसला हात लावू नये. डेमोनंतर क्लायंट नवा डंप देणार आणि हेच पुन्हा हातानं करावं लागणार. सोर्स प्लगिन (जुना डेटा वाचणारा कोड) वाढवून त्यात "'एमआर' रिकामं आलं तर 'यूएनडी' वाच" एवढं घाला, मग डंप कितीही बदलू दे.

गोदाकाठ
तत्त्व म्हणून मान्य. पण तेच काम एका एसक्यूएल फाइलमध्ये लिहून ठेवलं की नवा डंप चढवला, फाइल चालवली, झालं. शिवाय फाइल क्लायंटच्या डेटाबेसवाल्याला वाचता येते. प्लगिन कोण वाचणार?

अर्धविराम
केलं. फील्ड_डेटा_बॉडीत त्या लेखांच्या सगळ्या ओळी आता 'एमआर' आहेत, डोळ्यांनी पाहिल्या. अपडेटसकट इम्पोर्ट केलं. तरीही कोरंच. आता?

तिठा
फील्ड_रिव्हिजन_बॉडी, म्हणजे आवृत्त्यांचं टेबल बदललंत का?

अर्धविराम
ती कशाला? जुन्या आवृत्त्या नकोच आहेत.

तिठा
नको असल्या तरी नोडचा मजकूर तिथूनच वाचला जातो. सोर्स प्लगिन आवृत्तीचा क्रमांक देतं, आणि क्रमांक दिला की वाचन रिव्हिजन टेबलातून होतं. चालू आवृत्तीसुद्धा त्याच टेबलात असते. दोन्ही टेबलं बदला, आणि बॉडीच नव्हे, भाषांतरयोग्य केलेलं प्रत्येक फील्ड: सारांश, चित्राखालची ओळ, सगळं. फील्ड_कॉन्फिग टेबलात ट्रान्सलेटेबल = १ शोधलं की यादी मिळते.

एसक्यूएलचं नुसतं अपडेट चालवलं तर डुप्लिकेट की म्हणून अडेल, कारण काही आवृत्त्यांत 'यूएनडी' आणि 'एमआर' दोन्ही ओळी असतात आणि भाषा प्रायमरी कीचा भाग आहे. अपडेट इग्नोर वापरा. उरलेल्या 'यूएनडी' ओळी कुणी वाचत नाही, राहू द्या.

बोरूबहाद्दर
यात जुन्या फॉन्टमधले लेख असतील तर तेही बघा. श्रीलिपी, कृतिदेव, सुरेख यांत टाइप केलेला मजकूर मुळात रोमन अक्षरंच असतो, फॉन्टच्या टॅगवर मराठी दिसतो. नव्या फॉरमॅटमधला "मर्यादित एचटीएमएल" फिल्टर तो टॅग उडवतो, मग पानभर इंग्रजी गोंधळ. युनिकोडमध्ये बदलताना जोडाक्षरं आधी, सुटी अक्षरं नंतर, हा क्रम पाळा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते ती अक्षरानंतर न्यावी लागते, आणि रफार अक्षराच्या नंतर असतो तो अक्षराआधी. नुसत्या शोधा-बदलाने होत नाही.

अर्धविराम
असले लेख नाहीत.

चहाबाज
धागा वाचतोय, माझा प्रश्न थोडा वेगळा. चार वर्षं ड्रुपलचं काम करतोय, कन्सल्टन्सीत पैसे जास्त म्हणून अ‍ॅडोबीच्या एक्सपिरियन्स मॅनेजरकडे वळावं का? की अ‍ॅक्वियाची ड्रुपलची परीक्षा द्यावी?

खटपट्या
उत्पादनाच्या नावावर करिअर बांधू नका, मालक बदलतात. इंटरवोव्हन २००९ साली ऑटोनॉमीकडे गेलं, व्हिनेट त्याच वर्षी ओपन टेक्स्टकडे. डे सॉफ्टवेअरचं सीक्यू २०१०मध्ये अ‍ॅडोबीने घेतलं, तेच आजचं एक्सपिरियन्स मॅनेजर. एपिसर्व्हरचं नाव २०२१पासून ऑप्टिमायझली. टिकतं ते कन्टेन्टचं मॉडेल काढता येणं, जुना डेटा तपासता येणं, आणि कोण लिहितो, कोण मंजूर करतो हे क्लायंटकडून वदवून घेणं. हा धागाच पाहा. मोल मजकूर हलवण्याच्या कमांडला नाही. फॉरमॅटनिहाय आणि भाषानिहाय किती ओळी आहेत हे कोटेशन देण्याआधी मोजण्याला आहे. दोन ग्रुप-बायच्या (गटवार मोजणाऱ्या) क्वेऱ्या, त्यावर दर ठरतो. आणि मजकुराच्या साफसफाईचा दर वेगळा लिहा, एकरकमी कामात ढकलू नका.

पिवळा_दिवा
क्लायंट साफसफाईचे वेगळे पैसे देतो? कुठल्या गावात?

खटपट्या
आकडे दाखवले की देतो. "मजकूर खराब आहे" म्हटलं की नाही देत. "अमुक फॉरमॅटचे इतके लेख नव्या साईटवर कोरे दिसतील" म्हटलं की देतो.

अर्धविराम
दोन्ही टेबलं बदलली, मजकूर आला. पण आता नवीनच. पत्ते बदललेत. मराठीतले जाऊन रोमन लिपीतले झालेत.

गोदाकाठ
पाथऑटो, म्हणजे पत्ते आपोआप बनवणारं मॉड्यूल. त्याच्या नव्या आवृत्तीत लिप्यंतर मुळातच चालू असतं, आणि इम्पोर्ट करताना प्रत्येक नोड सेव्ह झाला की ते स्वतःचा पत्ता बनवतं. सेटिंगमध्ये लिप्यंतराची खूण काढा. नोडच्या मायग्रेशनच्या प्रोसेसमध्ये पाथ/पाथऑटोला डिफॉल्ट व्हॅल्यू शून्य द्या. बनलेले सगळे पत्ते पुसा, नोडचं इम्पोर्ट अपडेटसकट आणि त्यानंतर यूआरएल एलियसचं (जुन्या पत्त्यांचं) मायग्रेशन. हा क्रम उलटा करू नका. आणि दरम्यान क्लायंटने नव्या साईटवर काही दुरुस्त्या केल्या असतील तर त्या अपडेटमध्ये जातील, आधी विचारून घ्या.

अर्धविराम
केल्यात. मुखपृष्ठावरचे लेख.

तिठा
मग त्या नोडचे क्रमांक काढा आणि आयडी लिस्टचा पर्याय देऊन बाकीचेच चालवा. वगळायचा पर्याय नाही, चालवायचीच यादी द्यावी लागते. नोड कंप्लीटला (नोड, आवृत्त्या, भाषांतरं एकत्र हलवणाऱ्या मायग्रेशनला) एका नोडसाठी नोड, आवृत्ती आणि भाषा असे तीन भाग कोलनने (:) जोडून लागतात, नुसता नोड क्रमांक देऊन काही होणार नाही.