विषय: पुन्हा अ‍ॅम्बॅसिडर, पुन्हा पेडल

तात्या (सध्या कोल्हापूर), शुक्रवार रात्री

मंडळी,

परवा 'सुटला प्रश्न' असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. घरच्या अ‍ॅम्बॅसिडरला जुनं काढून इसुझूचं इंजिन बसवल्यावर टाकलेली रेसची (अ‍ॅक्सिलरेटरची) दुसरी केबलही चार दिवसांत जड झाली. पहिले दोन दिवस लोण्यासारखी होती. आता पाय ठेवला तर रेसचं पेडल हलत नाही आणि जोर दिला की गाडी एकदम उडी मारते. काल पन्हाळ्याच्या चढाला पोटरी भरून आली. मिस्त्री म्हणतात, "तात्या, तिकडं ऑटोमॅटिक चालवून तुमचा पायच नाजूक झालाय." त्यांचा उपाय: कार्बोरेटरवरची एक स्प्रिंग काढून टाकायची. काढू का? सोमवारी दादांना घेऊन जोतिबाला जायचंय आणि गुरुवारी माझं विमान.

ता. क. सेल्फही (स्टार्टर) हल्ली सुस्त मारतोय, पण ते बॅटरीचं असणार.
ता. क. 2 : कांदा-लसूण मसाला कुणाला किती हवा ते वहिनींच्या तक्त्यात लिहा, इथे नको.

अण्णा

तात्या, स्प्रिंग अजिबात काढायची नाही. केबल तुटली किंवा अडकली तर रेस बंद करायला त्या स्प्रिंगाच असतात, आणि तुम्ही घाट उतरणार आहात.

मागेच सांगितलं होतं की दोष तरफेचा आहे. जुन्या 1489 सीसी इंजिनाचं माप वेगळं, इसुझूच्या 1.8 चं वेगळं. कार्बोरेटरच्या पात्यापाशी (रेस दिली की उघडणारी झडप) केबल जिथे अडकते तिथली त्रिज्या निम्मी झाली की पायाला जोर दुप्पट लागतो, पेडल मात्र कमी दाबावं लागतं. 'जरा दाबलं की गाडी उडते' हे त्याचंच लक्षण. शिवाय मिस्त्रींनी मोटारसायकलची केबल वापरलीय, हे फोटोत दिसतंय. हेच इंजिन कारखान्यातूनच अ‍ॅम्बॅसिडर 1800 आयएसझेडला येत होतं. त्या गाडीची केबल शोधा. उद्यमनगरात मिळणार नाही असं काही नसतं.

भाऊ

आमच्या वडिलांच्या स्कूटरची केबल जड झाली की ते ती रात्रभर खिळ्याला टांगायचे. वरच्या टोकाला कागदाचं नरसाळं, त्यात शिवणयंत्राचं तेल. सकाळी खाली थेंब पडलेला दिसला की काम झालं. एकदा थेंब आईच्या वाळवणातल्या सांडग्यांवर पडला. पुढचं सांगत नाही.

अण्णा

भाऊ, त्या केबली आतून नुसत्या लोखंडी होत्या. आताच्या नळीत नायलॉनचं अस्तर असतं, ती कोरडीच चालते. तेलाने धूळ धरते, ग्रीसने तर चिखल होतो. कृपया तात्यांना भलतं काही सुचवू नका.

तात्या, केबल कार्बोरेटरकडून सोडवा आणि पेडल, केबल, पातं हे तिन्ही वेगवेगळे हलवून बघा. जड कोण आहे ते आधी कळू दे.

खजिनदार

पेडलचं चालू द्या. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर झाली का? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली ती लागते, हे मी दिवाळीच्या कार्यक्रमातही बोललो होतो. आणि 1972 ची गाडी म्हणून व्हिंटेज नोंदणीचा विचार असेल तर 2021 चे नियम वाचा. पन्नास वर्षं झाली असली तरी गाडी मूळ रूपात लागते, मोठे फेरबदल चालत नाहीत. 'व्हीए' अक्षरांच्या नंबरपाटीसाठी वीस हजार रुपये भरायचे आणि बॉनेट उघडल्यावर आत इसुझू!

भाऊ

खजिनदार, तुम्हाला वीस हजार दिसले बरोबर. गणपतीच्या जनरेटरचे अजून बाकी आहेत.

तात्या, शनिवार संध्याकाळ

नोंदीचं काम एजंटाकडे दिलंय, पुरे.

अण्णा, केलं. पातं करंगळीने उघडतं. पेडल सुटं असताना नुसत्या वजनाने खाली जातं. केबलच जड आहे. बॅग मोजायचा काटा तिला अडकवून ओढला, तर तार हलायलाच सहा किलो लागले, आणि दुसरं टोक मोकळं होतं! वहिनी, काट्याला थोडं ग्रीस लागलंय, पुसून देतो.

काढलेली केबल समोर ठेवून लिहितोय. पेडलच्या पत्र्यातून जिथे आत येते तिथे वीतभर काळं कव्हर चमकतंय आणि त्यावर बारीक फोड आलेत, पापडावर येतात तसे. वास जळक्या प्लास्टिकचा. पहिली केबलही अशीच होती, तेव्हा लक्ष गेलं नाही.

अण्णा

सायलेन्सरच्या नळीजवळून गेलीय. उष्णता. मार्ग बदला, वळण मोठं द्या.

काकू

नुसता सेल्फ मारल्यावर केबल हाताला गरम लागते का?

अण्णा

काकू, सेल्फचा आणि रेसच्या केबलचा संबंध नसतो. पेडल हा माझा रोजचा विषय आहे म्हणून सांगतो.

काकू

असेल. आमच्या ट्रकचं इंजिन काढून परत बसवलं तेव्हा क्लचची केबल अशीच दोनदा जळाली होती. मिस्त्रींकडून अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन आणि बॉडी विजेसाठी जोडणारी, लावायची राहिली होती. इंजिन बसतं रबरी फाउंडेशनवर, म्हणजे बॉडीपासून तुटलेलं. सेल्फ शंभरावर अँपिअर ओढतो, ते बॅटरीकडे परत कुठून जाणार? इंजिनापासून बॉडीकडे जाणारी जी तार मिळेल तिच्यातून, मग ती रेसची केबल का असेना, आणि ती तापते. तात्यांनी सेल्फ सुस्त असल्याचं पहिल्याच मेलमध्ये लिहिलंय, ते कुणी वाचलं नाही.

मॉडरेटर

ही मेलची यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे. सहलीला किती जण येणार, हे अजून फक्त चौघांनी कळवलंय.

तात्या, रविवार दुपार

काकू, तुम्हाला साष्टांग.

मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीला, दुसरं इंजिनाच्या अंगाला लावलं आणि पुतण्याला सेल्फ मारायला सांगितलं. तीन व्होल्टच्या वर गेलं. अर्धासुद्धा दिसायला नको होता. मग जंपरची वायर खुंटीपासून थेट इंजिनाला लावली. सेल्फ असा फिरला की पुतण्या दचकला.

पट्टी सापडली. गॅरेजात डालड्याचा डबा आहे, इंजिन बसवल्यावर उरलेलं सामान त्यात असतं. त्यात तळाशी तांब्याची विणलेली पट्टी, गुंडाळून ठेवलेली. जुन्या इंजिनाला ज्या बोल्टवर ती बसायची तो बोल्ट नव्या इंजिनाला नाही, म्हणून राहून गेली. मिस्त्री गप्प झाले, मग म्हणाले, "आम्हाला वाटलं जादाची हाय." बॉडीवरचा ताजा रंग खरवडून पत्रा उघडा केला, जाड पट्टी आवळली. आता मीटर 0.2 दाखवतो. तिसरी केबल टाकली, अण्णा म्हणतात तशी मोठ्या वळणाने. आयएसझेडची मिळाली नाही. काट्यावर तार पाव किलोला हलते. स्प्रिंगा दोन्ही जागच्या जागी आहेत.

अण्णा

छान. त्रिज्येचं मी म्हणालो ते मात्र राहिलंच आहे. पात्याला बाहेरचं भोक असेल तर केबल त्यात घ्या, उडी कमी होईल.

तात्या, सोमवार रात्री

बाहेरचं भोक होतं, घेतली. उडी गेली. जोतिबाचा चढ दादांनी स्वतः चालवला, मला शेजारी बसवून. उतरल्यावर एवढंच म्हणाले, "जुनं इंजिन बरं होतं, आवाज तरी यायचा." येताना गंगावेशीत दूध प्यायलो.

वहिनी

तात्या, मसाला आता अकरा किलोवर गेलाय. काट्याचं ग्रीस पुसलंत ना? आणि चपलांचे नंबर अजून काकूंनी दिलेले नाहीत.

काकू

सात. करकर वाजणाऱ्या नकोत.