हरभऱ्याच्या जागलीसाठी तंबू घेतला, पण काळ्या मातीत खुंट्या टिकत नाहीत

धुऱ्यावरचा

नमस्कार मंडळी. आमचं वावर अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. यंदा हरभरा पेरला. घाटे भरायला लागले की रानडुकरं अन् रोही (नीलगायी) रात्रभर सुचू देत नाहीत, जागलीला जावंच लागते. बाबा आजवर पऱ्हाट्यांची खोपडी करून खाली पोतं टाकून झोपत. पण शेजारच्या शिवारात जागलीवर झोपलेल्या एका माणसाला मण्यार चावली, तेव्हापासून आईचा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून मी दोन माणसांचा घुमटासारखा तंबू आणला. आत शिवलेला तळ आहे, जाळी आहे, वरून पावसाचं वेगळं कापड आहे.

अडचण अशी की सोबत आलेल्या खुंट्या सायकलच्या तारेएवढ्या बारीक आहेत. जमीन काळी, वरून भेगाळलेली, खाली ओल. डोंगराकडून वारा सुटला की त्या आपोआप वर येतात. दुसरं, सकाळी तंबू आतून ओला असतो. पाऊस तर नाही, मग कापड गळते काय? अन् हरभरा निघाल्यावर हा तंबू पुढच्या हंगामापर्यंत ठेवायचा कसा? घर टिनाचं आहे. जाणकारांनी सांगावं.

गाईडताई

भाऊ, बाबांसाठी तुम्ही हे केलं ते फार चांगलं केलं. मी चांदूर बाजार तालुक्यात शिक्षिका आहे, शाळेच्या गाईड पथकाची शिबिरं घेते. मुलींना जमिनीवर झोपवायचं म्हणजे माझी रात्र जागण्यातच जाते, म्हणून या विषयावर मनापासून लिहिते.

आधी मण्यारीचं. ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्यांनाच जास्त चावते. कित्येकदा चावलेलं दुखतही नाही, सूजही येत नाही, माणूस पुन्हा झोपी जातो, म्हणून ती इतकी घातकी. तुमच्या तंबूचा तळ भिंतींना शिवलेला आहे, हेच त्याचं खरं मोल. पण ते चेन पूर्ण बंद असेल तरच. रानडुकरांमागे धावायचं म्हणून बाबा चेन अर्धी उघडी ठेवतील, तसं होऊ देऊ नका. बॅटरी आणि बूट तंबूच्या आत, उशाशी. बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू जाऊन बसतो.

आता खुंट्या. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगा पडतात. भेगेजवळ ठोकलेली बारीक खुंटी नुसती उभी दिसते, धरत काहीच नाही. गावातल्या वेल्डरकडून एक इंची लोखंडी अँगलचे दीड-दीड फुटाचे तुकडे कापून घ्या, एका टोकाला अणी काढून घ्या, वरच्या टोकाखाली दोर अडकायला खाच पाडून घ्या. बाभळीच्या खुंट्याही चालतात, बैलाचा खुंटा तुम्ही करताच. ठोकताना खुंटीचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकलेलं हवं, म्हणजे दोराची ओढ खुंटीला काटकोनात बसते. आमच्या मुली हमखास उलटं, तंबूकडे झुकवून ठोकतात आणि मग पहिल्याच झुळकीला ती उपटून येते.

माती फारच भुसभुशीत असेल तर खुंटीचा नाद सोडा. खताची रिकामी चुंगडी मातीनं भरा, तोंडाला दोर बांधा, दीड फुटाचा खड्डा करून त्यात चुंगडी आडवी पुरा आणि माती पायानं दाबून घट्ट करा. दोर तिरपा वर काढून तंबूला बांधा. ही चुंगडी वाऱ्यानं निघत नाही. त्याहून सोपं म्हणजे जागाच बदला. विहिरीतून निघालेला मुरूम जिथं पसरला असेल तिथं तंबू लावा. तिथं खुंटी सब्बलीनं भोक पाडून ठोकावी लागते, पण एकदा बसली की बसली. लवणात, म्हणजे सखल जागी, मात्र लावू नका. थंड हवा रात्री तिथंच उतरून साचते आणि अवकाळी आला तर पाणीही तिथंच येते.

सकाळची ओल म्हणजे गळती नव्हे. दोन माणसांचा श्वास रात्रभर कापडाला लागतो, बाहेर गारठा असतो, मग त्या वाफेचं आतल्या बाजूला पाणी होते. पिकावर दहिवर पडते त्या रात्री हे जास्त होणार. उपाय एकच, वारा खेळू द्या. वरच्या झडपा उघड्या ठेवा, दाराला जाळीची चेन लावा आणि कापडाची थोडी खाली घ्या. बाहेरचं कापड आतल्या कापडाला कुठंही टेकायला नको, त्यासाठीच बाजूचे दोर ताणायचे असतात. तुमचे दोर ढिले असतील म्हणूनही आत ओल जास्त वाटत असेल. नायलॉन भिजलं की सैल पडते, तेव्हा झोपण्याआधी एकदा ताणून घ्या. आमच्या शाळेतला जुना कॅनव्हासचा तंबू सुती दोरांचा आहे, त्याचं नेमकं उलट. सुती दोर भिजून आखडतात आणि खुंटी उपटतात, म्हणून संध्याकाळी ते थोडे सैल करावे लागतात.

तळाखाली ताडपत्री टाका, पण ती तंबूच्या तळापेक्षा चार बोटं लहान हवी. बाहेर डोकावली तर पावसाचं पाणी तीच झेलून तुमच्या अंथरुणाखाली नेते. त्याआधी जागेवरची पऱ्हाटीची खुटं, तुरीची धसकटं हातानं उपटून काढा. तळाला भोक पाडणारं दुसरं काही नाही, हेच असते.

उन्हाबद्दल कुणी बोलत नाही, आपल्याकडे तर तेच पहिलं सांगायला पाहिजे. तंबू दिवसभर उभा राहिला तर आपलं ऊन कापडाला आतून खाते. महिना-दोन महिने उभा ठेवणार असाल तर वर चार बांबू रोवून रोपवाटिकेची हिरवी जाळी ताणा. झाडाची सावलीही चालते, मात्र वाळलेल्या फांदीखाली नको. आणि फाल्गुन-चैत्रात मोहाखाली तर अजिबात नको, फुलं वेचायला अस्वल येते. तुमच्या शिवारात वाघ-बिबट्याचा वावर असेल तर तंबूचा विचारच सोडा, मचाण बांधा. कापड डुकराला थांबवत नाही, तिथं बिबट्याला काय थांबवणार! भाकर, शेंगदाणे, गूळ यातलं काहीही तंबूत ठेवू नका.

ठेवण्याचं सांगते. धुवायचा असेल तर साधं पाणी, मऊ फडकं, थोडा अंगाचा साबण. कपड्याची पावडर नको, मशीन तर नकोच, आतला पाणी अडवणारा लेप निघून जातो. सावलीत वाळवा आणि शिवणी हातात घेऊन पाहा, कापड कोरडं लागलं तरी शिवणीत ओल राहते. ओला गुंडाळला की बुरशीचे काळे ठिपके येतात, ते जात नाहीत. पावसाळ्याची दमट हवा आणि टिनाखालची उष्णता मिळून तो लेप चिकट करतात, मग कापड एकमेकांना चिकटते आणि उग्र वास येतो. म्हणून टिनाखाली नको, घरात सर्वांत गार खोली असेल तिथं ठेवा. मूळ छोट्या पिशवीत कोंबू नका, जुन्या सुती चादरीत सैल बांधा आणि आढ्याला टांगा, उंदरांपासून तेवढाच बचाव. फवारणीच्या औषधाशेजारी अजिबात ठेवू नका, त्यात बाबा झोपणार आहेत.

मोर्शीचा संत्रेवाला

ताईंनी सगळंच सांगितलं. माझी एक भर. वावराला झटका मशीनची, म्हणजे जनावरांना विजेचा झटका देणारी, तार असेल तर तंबू अन् त्याचे दोर तिच्यापासून दूर ठेवा. तुमच्या तंबूच्या काड्या अॅल्युमिनियमच्या असतील तर जास्तच. रात्री अर्धवट झोपेत माणूस दोराला अडखळतो अन् तारेवर जातो. अन् फेब्रुवारी-मार्चची गारपीट विसरू नका, 2014 ची आठवण आपल्याकडं कुणाला नाही? ढग गरजले की तंबू तसाच सोडून गावाकडं निघायचं. तंबू विजेपासून वाचवत नाही, एकटं झाडही वाचवत नाही.

धुऱ्यावरचा

ताई, दादा, खूप आभार. उद्याच वेल्डरकडं जातो. एक राहिलं. बाबा थंडीसाठी घमेल्यात विस्तव घेऊन आत बसतो म्हणतात. चेन थोडी उघडी ठेवली तर चालेल काय?

गाईडताई

नाही भाऊ, अजिबात नाही. विस्तवातून जो वायू निघतो त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतल्या माणसाला तो जागाही करत नाही. चेन उघडी असली तरी भरवसा नाही. शिवाय हे कापड ठिणगीनं वितळून अंगाला चिकटते. शेकोटी बाहेर, तंबूपासून दहा-पंधरा पावलं दूर, वारा तंबूकडे वाहत नसेल त्या बाजूला. शेकून झालं की विझवूनच आत जायचं.

बाबांना थंडी वरून नाही, खालून लागत असेल. पांघरूण वाढवण्याआधी अंगाखाली वाढवा. एक जाड घोंगडी, तिच्यावर गादी किंवा दोन गोधड्या. कानटोपी आणि कोरडे पायमोजे फक्त झोपण्यासाठी वेगळे ठेवा, दिवसभर घातलेले घामानं ओले असतात.

आणि वेल्डरकडे जाताच आहात तर अँगलचं वरचं टोक घासून गोल करून घ्या. दोरांना पांढऱ्या कापडाच्या चिंध्या बांधा. रात्री डुक्कर हाकलायला उठलेल्या माणसाला दोर आणि खुंटी दोन्ही दिसायला पाहिजेत.